‘फक्त राजकारण नको’

(मराठवाड्यातील कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. शाळांमधून किशोरी गट चालवणाऱ्या मैत्रिणींनी या विषयावर आपले अनुभव जरूर लिहून पाठवावेत. – संपादक मंडळ)

शाळेत किशोरींचा गट सुरू करायचा म्हणून आपण परवानगी मागायला जातो, तेव्हा बहुतेक मुख्याध्यापक आपलं स्वागतच करतात. खुर्ची देतात, चहा सांगतात. आणि मग एक अट घालतात. ‘ताई, पाळीबद्दल बोला, रक्त कमी असतं त्याबद्दल बोला, मोबाईलच्या धोक्यांबद्दल तर अवश्य बोला. फक्त राजकारण नको.’ आपण मान डोलावतो, कारण शाळेचं दार उघडं राहावं असं आपल्याला वाटत असतं. आज मला या अटीबद्दल बोलायचं आहे. चालू राजकारण, म्हणजे या वर्षी आपल्या गावात, राज्यात, देशात जे चाललं आहे ते, शाळेत शिकवावं की नाही? माझं उत्तर ‘शिकवावं’ असं आहे. पण हे उत्तर देताना काही गोष्टी मला स्वतःला फार जड जातात. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार आहे. बाकीच्या गोष्टींवर आपलं बहुधा एकमतच होईल.

‘राजकारण’ हा शब्दच आपल्याकडे नासलेला आहे. बचतगटात एखादीने हिशोब मागितला की ‘ती राजकारण करते’. जावाजावांत वाद झाला की ‘घरात राजकारण आणू नका’. बाईने प्रश्न विचारला की ते राजकारण, आणि पुरुषाने पद मिळवलं की ते समाजकारण! त्यामुळे मुख्याध्यापक ‘राजकारण नको’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय नको असतं हे एकदा नीट बघायला हवं.

कारण शाळा राजकारणाच्या बाहेर असते हे तरी कुठे खरं आहे? मतदान शाळेच्याच खोलीत होतं. भिंतीवर बाराखडी आणि तिच्याखाली मतदान यंत्र. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायला बंदी केली, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही कामं त्यातून वगळली. विधान परिषदेत शिक्षकांचे वेगळे आमदार असतात. महाराष्ट्रात असे सात शिक्षक मतदारसंघ आहेत. (हे मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना आहे. जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या बाईंना ते नाही. यावरही कधीतरी बोलायला हवं.) संस्थेचे अध्यक्ष आमदार नाहीतर माजी आमदार, संचालक मंडळात त्यांचे भाऊ आणि मेहुणे, हे तर आपण रोज बघतो. मंत्री येणार असले की आठवीच्या मुली लेझीम घेऊन दोन तास उन्हात उभ्या असतात. तेव्हा ‘राजकारण नको’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे ओवाळायचं राजकारण चालतं, विचारायचं चालत नाही.

मुलांना राजकारण शाळेत नाही मिळालं तर बाहेर मिळतं. पारावर, चौकात, गणपतीच्या मांडवात, कोणत्या तरी दादाच्या संपर्क कार्यालयात. ते चांगलं असतं असं मी म्हणत नाही, बरंचसं वाईटच असतं. पण कोण कोणाच्या बाजूला गेला, कोणत्या रस्त्याचं टेंडर कोणी घेतलं, तहसीलदार कोणाचं ऐकतो, हे सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं. मुलगी त्या जागी उभीच राहू शकत नाही. घरात पुरुष बोलत बसले की तिचं काम चहा नेऊन द्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपल्या भागात काय स्थिती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. मताचा हक्क अठराव्या वर्षी येतो. या मुलींच्या बाबतीत मताच्या आधी नवरा येतो, आणि पहिलं मत सासरच्या गावात, सासरच्या यादीत, सासऱ्याने सांगितलेल्या चिन्हाला पडतं. तिने राजकारणाबद्दल मोठ्याने बोलावं, कोणाशी वाद घालावा, आपलं मत बदलावं, अशी तिच्या आयुष्यात एकच जागा येऊ शकते. ती म्हणजे शाळेचा वर्ग.

‘पण आमच्या पुस्तकात राज्यशास्त्र आहेच की,’ असं शिक्षक सांगतात. आहे. सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसद. दहावीच्या २०१८ साली आलेल्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया आहे, राजकीय पक्ष आहेत, सामाजिक आणि राजकीय चळवळी आहेत. एकेकाळचं नागरिकशास्त्र म्हणजे रस्त्यावर थुंकू नये आणि डावीकडून चालावं इतकंच असायचं. त्या मानाने हे पुष्कळ बरं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते इतिहासाच्या पेपराच्या शेवटी येतं आणि शाळेतही वर्ष संपता संपता उरकलं जातं. शिवाय पक्षांच्या धड्याचं बघा. त्यानंतर २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी फुटली, दोन्ही ठिकाणी नाव आणि चिन्ह निवडणूक आयोगाने एका गटाला दिलं. मुली सरळ विचारतात, ‘ताई, परीक्षेत शिवसेना लिहायची म्हणजे कोणती?’ बाई म्हणतात, ‘पुस्तकात आहे ते लिहा.’ बाईंना उत्तर येत नाही असं नाही. त्यांना बोलायची भीती वाटते.

सरपंचाचंच घ्या. पुस्तकात पंचायतीत बायकांना पन्नास टक्के जागा राखीव असल्याचं आहे. ते खरं आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा आल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आता मी ज्या गावात गट घेते तिथल्या मुली सांगतात, सरपंचबाई शेतात असतात आणि ‘सरपंच’ म्हणून हाक मारली की त्यांचे मालक ओ देतात. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, हे मी सांगितलं तेव्हा मुली हसल्याच. त्यांच्या आयांपैकी एकीनेही ती सभा पाहिलेली नव्हती. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, हे २०१७ साली एका सरकारने बदललं, २०२० साली दुसऱ्याने परत फिरवलं, २०२२ साली तिसऱ्याने पुन्हा थेट केलं. का? प्रत्येक वेळी कोणाचा फायदा होणार होता? हा प्रश्न गावातल्या कोणत्याही मुलाला चावडीवर कळतो. मुलीला तो पाठ्यपुस्तकातही मिळत नाही आणि चावडीवरही नाही.

याच गटात एक मुलगी उठून म्हणाली, ‘माझी आई उभी राहणार होती. बाई राखीव होती म्हणून मामा म्हणाला, उभी राहा. पण आम्ही चौघी बहिणी, म्हणून फॉर्म बाद होईल असं सांगितलं.’ १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून जास्त मुलं झाली तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा आपल्या राज्यातला नियम तुम्हाला माहीत आहे. ही मुलगी चौघींतली धाकटी. तिला वाटत होतं, आईचं सरपंचपद आपल्यामुळे गेलं. तिला काय सांगायचं? ‘राजकारण नको’ ही अट पाळायची तर गप्प बसायचं. मी तिला सांगितलं, हा नियम आभाळातून पडलेला नाही, विधानसभेत माणसांनी हात वर करून केलेला आहे. हरियाणातल्या अशाच नियमाविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली हरले. नियमाच्या बाजूने लोकसंख्येचं कारण दिलं जातं. विरोधात आपल्यासारख्या संघटना सांगतात की मूल किती व्हावीत हे जिच्या हातात नाही तिलाच याची शिक्षा होते. मग गटात चर्चा झाली. काही मुली नियमाच्या बाजूने बोलल्या, जोरात बोलल्या. पण ती मुलगी जाताना म्हणाली, ‘म्हणजे हे बदलू पण शकतं.’ मला विचाराल तर राज्यशास्त्राच्या तासातून मुलीने एवढं घेऊन जावं.

आता ‘लाडक्या बहिणी’बद्दल सांगते, कारण त्यावरून बरंच रामायण झालं आणि त्यातूनच हे भाषण निघालं आहे.

२०२४ च्या जूनमध्ये सरकारने ही योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बायकांना महिना १५०० रुपये. जुलैमध्ये गावोगाव अर्ज भरायची झुंबड उडाली. अर्ज भरले कोणी? नववी-दहावीच्या मुलींनी. आईला वाचता येत नाही, मोबाईलवरचं मुलीला येतं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं खातं, हमीपत्र, सगळं या मुलींनी केलं. त्या वर्षी राज्यातल्या सगळ्यात मोठ्या राजकीय निर्णयाची कारकुनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी केली, आणि त्याबद्दल वर्गात बोलायचं मात्र नाही! नोव्हेंबरात निवडणूक झाली. सत्तेतल्या महायुतीने १५०० चे २१०० करू म्हटलं, विरोधातल्या महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हटलं. निकाल तुम्हाला माहीत आहे. आचारसंहिता संपल्यावर, जानेवारीत, एका शाळेत नववीच्या गटात मी हा विषय घेतला. मुद्दाम निवडणुकीनंतर घेतला, कोणाच्या मतावर परिणाम करायला आलात असं कोणी म्हणू नये म्हणून.

पद्धत साधी होती. दोन्ही बाजूंच्या जाहीरनाम्यांतली यासंबंधीची वाक्यं मी कागदावर लिहून नेली. योजनेच्या अटी वाचल्या. आणि प्रत्येकीने घरातल्या एका बाईला विचारून यायचं होतं, पहिल्या पैशांचं काय केलं.

काय काय निघालं! एकीच्या आईने बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे पाहिले आणि पायातलं घेतलं. एकीच्या वडिलांनी पासबुक स्वतःकडे ठेवलं आहे. एकीच्या आजीला वय जास्त म्हणून मिळाले नाहीत, ती सुनेवर रागावलेली. एकीचे आई-वडील उसाच्या फडावर, पैसे खात्यात पडले का हे बघायलाच कोणी नाही. एकीने विचारलं, घरात लग्न न झालेली एकच बाई का चालते, दोन आत्या असतील तर? मग वाद सुरू झाला. एक मुलगी म्हणाली, ही लाच आहे, निवडणुकीआधीच कशी आठवली? दुसरी चिडून म्हणाली, शेठ लोकांची कर्जं माफ होतात तेव्हा लाच नसते, आईला दिले की लाच? तिसरी म्हणाली, पैसे नको, आमच्या गावाला बस द्या, दहावीनंतर मला कॉलेजला जाता येईल. आणि मागच्या बाकावरची एक, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, ‘बहीण कशाला म्हणतात? बहिणीला भाऊ देतो, त्याच्या मनात असेल तर. आपल्याला सरकार द्यायला लागतं ना?’

मैत्रिणींनो, मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना कल्याणकारी राज्य, हक्क आणि दया यांतला फरक यावर पानंच्या पानं वाचली, परीक्षेला लिहिली. इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कधी मांडता आलं नव्हतं. हे वाक्य तिला मी शिकवलेलं नाही. मी फक्त विषय दाबला नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. आठवड्याभरात सत्ताधारी बाजूचे एक गावपुढारी शाळेत आले: ताई योजनेची बदनामी करतात. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूचे आले: ताईंच्या तासात पोरी योजनेचं कौतुक करतात, म्हणजे ताई त्यांच्या आहेत. मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि सहामाहीपर्यंत येऊ नका म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. संस्था, जिल्हा परिषद आणि गाव या तिघांमध्ये तो माणूस अडकलेला असतो. शिक्षकांनी पक्षीय राजकारणात भाग घेऊ नये असे वर्तणुकीचे नियम आहेत, ते योग्यच आहेत. पण ‘प्रचार करू नका’ या नियमाचा अर्थ सगळीकडे ‘तोंड उघडू नका’ असा लावला जातो. ही गल्लत आपण बोलून दाखवली पाहिजे. प्रचार करणं आणि शिकवणं या दोन गोष्टी आहेत.

आता अवघड भागाकडे येते.

२०२३ च्या सप्टेंबरपासून आपल्या भागात आरक्षणावरून काय वातावरण झालं हे तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. ऑक्टोबरच्या शेवटी बीडमध्ये जाळपोळ झाली. त्या दिवाळीनंतर मी एका शाळेत गेले तर आठवीच्या वर्गात मुली जातीनुसार बसलेल्या. मराठा मुली खिडकीकडे, वंजारी मुली दाराकडे, आणि दलित मुली नेहमीप्रमाणे कुठेच जागा नाही म्हणून मागे. ज्या दोघी एका डब्यात जेवायच्या त्या बोलत नव्हत्या. शिक्षकांनी काहीच शिकवलेलं नव्हतं. मोबाईलने शिकवलं होतं. घरच्या बैठकीने शिकवलं होतं. काही मैत्रिणी म्हणतात, अशा वेळी हा विषय वर्गात आणणं म्हणजे आगीत तेल. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. कारण चर्चा मोकळी सोडली तर ज्यांची संख्या जास्त त्यांचा आवाज जास्त. वर्गात एकच मुसलमान मुलगी असते. वरच्या आवाजात ‘तुम्ही लोक’ सुरू झालं की ती बाकाखाली जाते. तिच्यासाठी तो तास म्हणजे शिक्षण नसतं, मार असतो. तेव्हा ‘सगळ्यांना बोलू द्या, लोकशाही आहे’ एवढ्याने भागत नाही.

जर्मनीत नाझी राजवटीत शाळांमधून मुलांची डोकी कशी घडवली गेली याचा अनुभव त्या देशाने घेतला होता. त्या पार्श्वभूमीवर १९७६ साली पश्चिम जर्मनीतल्या बॉयटल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाचं काम करणारे वेगवेगळ्या मतांचे लोक जमले, आणि त्यातून तीन गोष्टींवर त्यांची सहमती झाली. एक, शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादून त्यांना भारावून टाकायचं नाही. दोन, समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं, एकच बाजू खरी म्हणून नाही. तीन, आपलं हित कशात आहे ते ओळखून परिस्थितीवर परिणाम कसा करायचा हे मुलांना कळलं पाहिजे. मला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

मी त्यात आपल्यापुरती एक भर घालते. सगळ्याच गोष्टींना दोन बाजू नसतात. आरक्षण किती, कोणाला, कोणत्या यादीतून, हा वाद आहे. माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्या बरोबरीची आहे का, हा वाद नाही. त्यावर राज्यघटनेने निकाल दिलेला आहे आणि तो वर्गात पुन्हा मतदानाला टाकायचा नाही. तासाच्या सुरुवातीला हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि ज्या दिवशी ते पाळलं जाईल असं वाटत नाही त्या दिवशी विषय घेऊ नये.

त्या आठवीच्या वर्गात आम्ही आधी कोणाचंच मत विचारलं नाही. फळ्यावर सालं लिहिली. १९८० मंडल आयोगाचा अहवाल. १९९० अंमलबजावणीची घोषणा. १९९२ सर्वोच्च न्यायालयाची पन्नास टक्क्यांची मर्यादा. २०१८ मराठा आरक्षणाचा कायदा, २०२१ साली तो रद्द. (पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, तोही आम्ही त्याच वहीत लिहून घेतला.) यातलं काहीही एकाही मुलीला माहीत नव्हतं. भांडण माहीत होतं, गोष्ट माहीत नव्हती. मग विचारलं, तुमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेल्या बायका किती? खिडकीकडून तीन हात वर झाले, दाराकडून दोन, मागून एक. थोडा वेळ सगळ्या गप्प. एकजण म्हणाली, ‘आरक्षण मिळालं तरी आम्हाला कुठं पाठवणारेत?’ आणि दाराकडची एक हसली. यानंतर सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या असं काही झालं नाही. त्या डब्यातल्या दोघी अजूनही वेगळ्या बसतात. पण भांडायला आता त्यांच्याकडे सालं आहेत, आणि आपण कशासाठी भांडतो आहोत याची थोडी शंकाही आहे.

‘लहान आहेत, त्यांना काय कळतं’ या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचं काय झालं, धर्माच्या नावावर काय चाललं आहे, इंग्रजी राज्यात काय बदललं, हे सगळं त्यात आहे. ते चालू राजकारण नव्हतं तर काय होतं? तिला शाळेत तीन वर्षं झाली होती.

दुसरा एक मुद्दा आपल्या स्वतःबद्दलचा आहे आणि तो ऐकायला कडू लागेल. आपली मतं आहेत, ती तीव्र आहेत, असावीतच. पण वर्गात आपण आपल्या घोषणा घेऊन जाणार असू तर उद्या दुसरी संघटना तिच्या घोषणा घेऊन येईल, तिच्यामागे सत्ता असेल, आणि तेव्हा आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही. मोर्चातली मी आणि वर्गातली मी या दोघींत फरक करावा लागतो. मुलींनी ‘ताई, तुमचं मत काय?’ विचारलं तर मी लपवत नाही. शेवटी सांगते, एकदाच सांगते, आणि माझ्याशी सहमत नसणाऱ्या बाईचं म्हणणंही सांगते. माझ्या काही सहकारी मैत्रिणींना हा बोटचेपेपणा वाटतो. त्यांनी तसं इथे जरूर म्हणावं.

पुस्तकांचं राजकारण तर वेगळंच आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने जी राज्यशास्त्राची पुस्तकं केली त्यांत आणीबाणी होती, दंगली होत्या, चळवळी होत्या, व्यंगचित्रं होती. २०१२ साली त्यातल्याच एका जुन्या व्यंगचित्रावरून, ज्यात डॉ. आंबेडकर होते, संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. व्यंगचित्राने ज्यांचं मन दुखावलं त्यांचं दुखणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दलित मुलीच्या नजरेने ते चित्र आधी पाहायला हवं होतं. पण त्याचं उत्तर खोली फोडणं नव्हतं. मग २०२२ साली मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून बारावीच्या पुस्तकातून जनआंदोलनांचा अख्खा धडाच गेला. त्या धड्यात काय होतं ठाऊक आहे? चिपको होतं, दलित पँथर होती, नर्मदा होती, आणि आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातलं दारूबंदीचं आंदोलन होतं. दुबगुंटा गावातल्या बायका साक्षरता वर्गात जात होत्या. तिथे त्यांनी एका धड्यात वाचलं की एका गावच्या बायकांनी दारूचा गुत्ता बंद पाडला. त्या वाचून उठल्या आणि १९९२ साली त्यांनी आपल्या गावचा गुत्ता बंद पाडला. ते लोण जिल्हाभर, मग राज्यभर गेलं. १९९३ साली आंध्र सरकारला अरक बंद करावी लागली. म्हणजे पुस्तकातल्या एका धड्याने हे आंदोलन पेटलं, ते आंदोलन पुढे पुस्तकात आलं, आणि मग पुस्तकातून काढून टाकलं गेलं. भार नेमका कोणाच्या डोक्यावरचा कमी झाला?

आपण काय करायचं याबद्दल थोडं. अख्खा अभ्यासक्रम बदला अशी मागणी करणारा ठराव आपण करू शकतो, पण ठरावाने वर्ग चालत नाही. मला वाटतं, ‘फक्त राजकारण नको’ ही अट यापुढे तोंडी मान्य करू नये. मुख्याध्यापकांना लेखी द्यावं: आम्ही कोणत्याही पक्षाचा प्रचार करणार नाही, आचारसंहितेच्या काळात हे विषय घेणार नाही, प्रत्येक विषयाच्या दोन्हीकडच्या म्हणण्याची मूळ कागदपत्रं आणू, शाळेची एक शिक्षिका तासाला बसेल. आणि हेही लिहावं की ग्रामसभा, योजना, आरक्षण, निवडणूक हे विषय आम्ही घेणार आहोत, कारण ते त्यांच्याच सहावी ते दहावीच्या पुस्तकात आहेत. शिक्षिका बसवण्याचा आग्रह मी का धरते? आपण महिन्यातून एकदा जाणार, ती रोज तिथे आहे. तिची भीती गेली तर आपली गरजही उरणार नाही.

सुरुवात जवळच्या प्रश्नाने करावी. माझ्या गटातल्या मुलींनी पुढच्या खेपेसाठी एक प्रश्न काढून ठेवला आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, नेमका उसाचे टोळ्या-टायर गाव सोडून निघण्याचा तो काळ. सैन्यातल्या माणसाला टपालाने मत देता येतं. उसाच्या फडावरच्या माझ्या आईला का देता येत नाही? याचं उत्तर शोधायला त्यांना तहसील कार्यालयात जायचं आहे, निवडणूक शाखेतल्या साहेबांना भेटायचं आहे. पंधराजणी जाणार म्हणतात, घरून परवानगी सातजणींना मिळाली आहे.

बाकीच्या आठजणींच्या घरी कोण जाणार आणि काय बोलणार, यावर दुपारी बोलूया. परभणीकडच्या मैत्रिणींनी मुख्याध्यापकांना बाजूला ठेवून आधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना गाठलं, असं मी ऐकलं आहे. त्यांचा अनुभव आधी घ्यावा असं मला वाटतं.